ज्युडिथ कॅम्पिसी यांचे काम आणि आपली मोजपट्टी

जगातील ‘आघाडीच्या दोन टक्के’ शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि कोल्हापुरातील ज्या प्राध्यापकांची नावे तिच्यात असतात त्यांच्या बातम्या छापून येतात, सत्कार होतात, विद्यापीठाच्या अहवालात त्यांची नोंद होते. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान (मटेरियल सायन्स) आणि भौतिकशास्त्रात गेली अनेक वर्षे जे चिकाटीचे काम झाले आहे ते पाहता या नावांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो मलाही वाटतो. मात्र ही यादी कशी तयार होते हे फारसे कोणी सांगत नाही. स्टॅनफर्डची म्हणून ओळखली जाणारी ही यादी तेथील जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या माहितीसंग्रहाच्या आधारे करतात. एखाद्याच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, तो त्या निबंधाचा एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक होता का, अशा गोष्टींची ती सांख्यिकी आहे. कोणीतरी ते काम वाचले, तपासले आणि महत्त्वाचे ठरवले, असा तिचा अर्थ होत नाही. शास्त्रज्ञाच्या कामाचा परिणाम ठरवताना आपण या आकड्यांवर फार अवलंबून राहू लागलो आहोत आणि त्यामुळे आपल्या भागात जे संशोधन व्हायला हवे तेच होत नाही, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी मी पेशींचे वार्धक्य आणि कर्करोग यांचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञ स्त्रीचे उदाहरण घेणार आहे, कारण परिणाम कशाला म्हणावे हे तिच्या कामात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

ज्युडिथ कॅम्पिसी यांचे जानेवारी २०२४ मध्ये निधन झाले. त्या मूळच्या कर्करोगाच्या अभ्यासक. बॉस्टन येथील डाना-फार्बर कर्करोग संस्थेत आर्थर पार्डी यांच्याकडे त्यांनी पेशींच्या विभाजनावर नियंत्रण कसे राहते याचा अभ्यास केला, पुढे बॉस्टन विद्यापीठात अध्यापन केले, १९९१ मध्ये बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत आणि नंतर कॅलिफोर्नियातीलच, वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या बक संस्थेत त्या काम करू लागल्या. पेशी म्हातारी का होते, या प्रश्नाकडे त्या कर्करोगाच्या वाटेने आल्या आणि ही वाटच त्यांच्या विचाराला कारणीभूत झाली.

हा प्रश्न त्यांच्या आधी तीन दशके पडून होता. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या निरोगी पेशी काचपात्रात वाढवल्या तर त्या साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग कायमच्या थांबतात. त्या वेळी प्रचलित मत याच्या अगदी उलट होते. नोबेल पारितोषिक मिळवलेले अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील पेशी अनेक वर्षे जिवंत ठेवल्याचा दावा केला होता आणि शरीराबाहेर काढलेली पेशी अमर असते असे पाठ्यपुस्तके सांगत होती. हेफ्लिक यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने नाकारला. तो दुसरीकडे प्रसिद्ध झाल्यावरही अनेक अभ्यासक म्हणत राहिले की पेशींचे हे थांबणे म्हणजे काचपात्रातील कृत्रिम परिस्थितीचा परिणाम आहे, जिवंत शरीरात असे काही घडत नाही. आक्षेप रास्त होता, कारण शरीरातील एखादी पेशी कायमची थांबलेली आहे की नुसती विश्रांती घेते आहे हे ओळखण्याचे साधनच कोणाकडे नव्हते.

कॅम्पिसी यांच्या गटाने १९९५ मध्ये ते साधन दिले. गोबर्धन दिमरी हे त्या निबंधाचे पहिले लेखक. थांबलेल्या पेशींमध्ये बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराची क्रिया सहा इतक्या सामूवर, म्हणजे सौम्य आम्लात, ठळकपणे दिसते आणि योग्य रसायन दिल्यास त्या पेशी निळ्या होतात, असे त्यांनी दाखवले. मग त्यांनी तरुण आणि वृद्ध माणसांच्या त्वचेचे नमुने याच पद्धतीने रंगवले, तेव्हा वृद्धांच्या त्वचेत निळ्या पेशी अधिक आढळल्या. काचपात्रातील घटना माणसाच्या कातडीतही घडते याचा हा डोळ्यांनी पाहता येण्याजोगा पुरावा होता. पुढे या खुणेच्याही मर्यादा समोर आल्या. काही न थांबलेल्या पेशीही निळ्या होतात, त्यामुळे आज कोणताही जबाबदार अभ्यासक एकट्या निळ्या रंगावर विसंबून निष्कर्ष काढत नाही. पण मर्यादा कळण्यासाठीसुद्धा आधी हजारो हातांनी ती पद्धत वापरावी लागली, आणि ती वापरता आली कारण ती स्वस्त आणि सोपी होती. त्यात लागणारे एक्स-गॅल नावाचे रसायन सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्याकडील एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही जिवाणूंच्या निळ्या-पांढऱ्या वसाहती वेगळ्या करण्याच्या प्रयोगातून माहीत असते.

साधन हाती आल्यावर खरा विचार सुरू झाला. पेशी थांबते ती कशासाठी? कॅम्पिसी आणि त्यांच्यासारखे विचार करणारे काही जण म्हणत होते की थांबणे ही कर्करोगाविरुद्धची तटबंदी आहे. जिच्या गुणसूत्रांना इजा झाली आहे, जिच्या गुणसूत्रांची टोके झिजली आहेत किंवा जिच्यात कर्करोगाला चालना देणारे जनुक चेकाळले आहे अशी पेशी पी-५३ आणि पी-१६ यांसारख्या प्रथिनांच्या मार्फत विभाजनच बंद करते, म्हणजे गाठ होण्याचा प्रश्न मिटतो. याचा एक सुंदर पुरावा २००५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका गटाने दिला. आपल्या अंगावरच्या साध्या तिळातील रंगपेशींमध्ये पुष्कळदा तेच बिघडलेले जनुक असते जे त्वचेच्या घातक कर्करोगात सापडते. तरीही तीळ वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, कारण त्या पेशी वाढता वाढता थांबलेल्या असतात.

इथपर्यंतची गोष्ट निव्वळ आश्वासक आहे. कॅम्पिसी यांचे मोठेपण त्यापुढच्या पावलात आहे. थांबलेली पेशी मरत नाही, ती तशीच ऊतीत पडून राहते, मग ती तिथे करते काय, असे त्यांनी विचारले. २००१ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की थांबलेल्या संयोजी (म्हणजे ऊतीला आधार देणाऱ्या) पेशींच्या सान्निध्यात ठेवलेल्या, कर्करोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशी अधिक जोमाने वाढतात आणि उंदरांमध्ये गाठी तयार करतात. २००८ मध्ये त्यांनी या पेशी बाहेर काय सोडतात याचा तपशीलच मांडला. दाह वाढवणारी इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-८ सारखी प्रथिने, वाढीला चालना देणारे घटक आणि पेशींभोवतालच्या ऊतीची चौकट कुरतडणारे विकर यांचा तो स्राव होता. जी यंत्रणा एका पेशीला कर्करोगापासून रोखते तीच म्हातारपणी शेजारच्या पेशींना कर्करोगाकडे ढकलू शकते, असा त्याचा अर्थ. उत्क्रांतीच्या दृष्टीने यात विसंगती नाही. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्येच सुचवले होते की तारुण्यात उपयोगी पडणारा गुण उतारवयात अपाय करत असला तरी निसर्गनिवडीत तो टिकून राहतो, कारण संतती झाल्यानंतरच्या अपायाला निवडीच्या हिशेबात फारसे वजन नसते. कर्करोग आणि वार्धक्य हे तोवर दोन वेगळ्या विभागांत शिकवले जाणारे, वेगळ्या परिषदांत चर्चिले जाणारे विषय होते. एकात पेशी प्रमाणाबाहेर वाढतात, दुसऱ्यात त्या वाढेनाशा होतात. ते एकाच यंत्रणेच्या दोन बाजू म्हणून पाहण्याची सवय जीवशास्त्राला लागली, त्यात कॅम्पिसी यांचा वाटा फार मोठा आहे.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गटाने अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांतून पी-१६ असलेल्या पेशी काढून टाकल्या, तेव्हा मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली. अशा पेशी वेचून मारणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला आणि त्यासाठी निघालेल्या युनिटी बायोटेक्नॉलॉजी या कंपनीच्या संस्थापकांत कॅम्पिसीही होत्या. त्या कंपनीचे गुडघ्याच्या संधिवातावरील औषध २०२० मध्ये माणसांवरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत निष्प्रभ ठरले. शास्त्रज्ञाचे आर्थिक हितसंबंध गुंतलेले असतात तेव्हा त्याच्या विधानांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले पाहिजे, आणि कॅम्पिसी यांनाही त्यातून सूट देण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवावी लागते. ज्या पेशी काढून टाकण्यावर सारा व्यवहार उभा राहत होता, त्याच पेशी जखम भरण्यासाठी आवश्यक असतात आणि त्या काढल्यास उंदरांच्या जखमा उशिरा भरतात, हे २०१४ मध्ये दाखवणारा निबंध त्यांच्याच प्रयोगशाळेतून आला. ‘तारुण्य परत मिळवा’ असे सांगत गोळ्या विकणाऱ्या जाहिराती आता मराठीतही मोबाइलवर दिसू लागल्या आहेत. त्या पाहणाऱ्या एखाद्या वाचकाने हा एवढा निष्कर्ष जरी ऐकला तरी तो खिशात हात घालण्यापूर्वी थांबेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, की कॅम्पिसी यांचे निबंध तर हजारो वेळा उल्लेखले गेले आहेत, म्हणजे आकड्यांच्या मोजपट्टीनेही त्या श्रेष्ठच ठरतात, मग मोजपट्टीत दोष काय? दोष वेळेचा आहे. आकडा नेहमी मागाहून येतो. नेमणूक, बढती आणि अनुदान यांचे निर्णय मात्र आधी घ्यावे लागतात. १९९० च्या सुमारास थांबलेल्या पेशींवर काम करणाऱ्या तरुण संशोधकाची संदर्भसंख्या कितीही बारकाईने तपासली असती तरी पुढचे काहीही दिसले नसते, कारण त्या विषयात मुळात माणसेच थोडी होती. जिथे आधीच गर्दी आहे तिथे उल्लेख भराभर होतात. आकड्यावर विसंबणारी संस्था तिच्या तरुण संशोधकांना न कळत गर्दीकडे पाठवते. पेशीजीवशास्त्रज्ञांनाच याची जाणीव आधी झाली, ही लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन पेशीजीवशास्त्र संघटनेच्या सॅन फ्रान्सिस्कोतील वार्षिक अधिवेशनात जमलेल्या संपादकांनी एक जाहीरनामा तयार केला आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातील निबंधांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो या आकड्यावरून, एखाद्या शास्त्रज्ञाची किंवा त्याच्या निबंधाची किंमत ठरवू नये, अशी मागणी केली.

आपल्याकडे उलट दिशेने बराच प्रवास झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. निबंधाला इतके, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके त्यातून फोफावली, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहे. आयोगाने २०२२ मध्ये ती सक्ती काढली हे चांगले झाले, पण सवय नियमाइतकी झटपट जात नाही.

तरीही आकड्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मला गंभीर वाटतो. गडहिंग्लज, राधानगरी किंवा शाहूवाडी तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या तरुणाला निवड समितीपुढे उभे राहताना वशिला नसतो, आडनावाचे वजन नसते, मोठ्या मार्गदर्शकाची शिफारस नसते. त्याच्या हातात असतात ते त्याचे निबंध आणि त्यांची संख्या. ‘काम वाचून ठरवा’ असे म्हणून आपण ही संख्या काढून घेतली, तर त्या जागी येणारे ‘तज्ज्ञांचे मत’ हे बहुतेक वेळा ओळखीच्या माणसांचे मत असेल, अशी भीती त्याला वाटते आणि ती अनाठायी नाही. शाहू महाराजांनी ज्या संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तिथे तरी या भीतीला हलके समजू नये. म्हणून संख्या पूर्णपणे टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. तिचा उपयोग उंबरठ्यासारखा व्हावा. किमान काम झाले आहे का, ते खोटे किंवा मागे घेतलेले नाही ना, एवढे तिने सांगावे. त्यापुढे उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन-चार निबंध विद्यापीठाबाहेरच्या, शक्यतो राज्याबाहेरच्या परीक्षकांनी वाचावेत, त्यांनी लेखी कारणे द्यावीत आणि ती कारणे उमेदवाराला पाहायला मिळावीत. कारणे लेखी आणि खुली असली की वशिल्याला लपायला जागा उरत नाही. हे खर्चाचे काम आहे, वेळेचे आहे, आणि वाचणाऱ्याला मानधन द्यावे लागेल. सत्काराच्या कार्यक्रमांवर होणारा खर्च पाहता ते अशक्य वाटत नाही.

याच पद्धतीत आणखी एका गोष्टीला स्थान हवे, ते म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या कामाला. राधानगरीच्या धरणाचे काम शाहू महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाले आणि ते पूर्ण झालेले त्यांनी पाहिले नाही. आज जिल्ह्यातील ऊस त्या पाण्यावर उभा आहे. पेशींच्या वार्धक्याचा अभ्यास त्याच जातीचा आहे. हेफ्लिक यांच्या निरीक्षणापासून निळ्या रंगाच्या खुणेपर्यंत चौतीस वर्षे गेली आणि खुणेपासून मेयोच्या उंदरांपर्यंत आणखी सोळा. तीन वर्षांचा प्रकल्प आणि वर्षाअखेरचा गुणांचा तक्ता यांच्या चौकटीत असे काम मावत नाही.

कोल्हापुरात या विषयाचे करण्याजोगे काय आहे, असेही कोणी विचारील. अमेरिकेतील प्रयोगशाळांनी शोधून काढलेल्या यंत्रणेचा आपल्याशी संबंध काय? माझ्या मते संबंध आपल्या तोंडातच आहे. या भागात बायका वर्षानुवर्षे मिश्री लावत आल्या, पुरुष तंबाखू आणि सुपारी खात आले. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आल्यानंतरही सुपारी-तंबाखूचा मावा मिळतच राहिला. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवले. सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तंतुमय होते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसवत नाही, आणि त्यांतील काहींना पुढे कर्करोग होतो. येथील कोणत्याही दंतवैद्याला हे रुग्ण नवे नाहीत. या तंतुमय झालेल्या ऊतीत थांबलेल्या संयोजी पेशी साठतात, असे लंडनमधील अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवले. त्यांना असेही आढळले की या पेशी चौकट विरघळवणारे विकर सोडतात, म्हणजे ताठरपणा कमी करण्यात त्यांचा काही वाटा असू शकतो. मग त्याच पेशी कर्करोगाला मदत करतात की तंतुमयता रोखतात? कोणत्या रुग्णात कोणती बाजू वरचढ ठरते? सुपारी सोडल्यानंतर त्या पेशी जातात की राहतात? मिश्री लावणाऱ्या स्त्रीच्या आणि मावा खाणाऱ्या तरुणाच्या तोंडात त्यांचे प्रमाण वेगळे असते का? हे प्रश्न विचारण्यासाठी लागणारे रुग्ण बक संस्थेच्या आसपास नाहीत, ते करवीर आणि हातकणंगले तालुक्यांत आहेत, निपाणीच्या रस्त्यावर आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना निदान झाल्यावर महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून परळला टाटा रुग्णालयात जावे लागते. तोपर्यंत बहुधा आजार पुढे गेलेला असतो.

कॅम्पिसी यांच्या संशोधनाचा परिणाम म्हणून मला हेच दाखवायचे आहे. त्यांनी दिलेले साधन आणि त्यांनी बदललेला प्रश्न यांमुळे, त्या कधी आल्या नाहीत अशा गावातील संशोधकालाही स्वतःच्या माणसांविषयी एक अचूक, तपासता येण्याजोगा प्रश्न विचारता येतो. त्यांचा २००८ चा निबंध ज्या नियतकालिकात आला ते सर्वांना विनामूल्य खुले आहे. २०२५ पासून केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेमुळे सरकारी विद्यापीठांना हजारो नियतकालिके उपलब्ध झाली आहेत, त्यामुळे वाचायला मिळत नाही ही जुनी तक्रारही पुष्कळ अंशी मिटली आहे.

अडचण उरते ती आपल्या रचनेची. निळ्या रंगाची परीक्षा जिवंत विकराच्या क्रियेवर अवलंबून असल्यामुळे ती मेणात बसवलेल्या, महिनोन्महिने कपाटात ठेवलेल्या तुकड्यांवर होत नाही. तिला ताजी किंवा लगेच गोठवलेली ऊती लागते. रुग्णाची संमती घेऊन सकाळी काढलेला गालाचा तुकडा त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सागरमाळावरचे विद्यापीठ यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर आहे. पण एकाचा कारभार वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि दुसऱ्याचा उच्च शिक्षण खात्याकडे असल्याने असा तुकडा नियमितपणे या दारातून त्या दारात नेण्यासाठी दोन्हींच्या नैतिक समित्यांची एकत्रित मान्यता, नमुने गोठवून ठेवण्याची सोय, नोंदी ठेवणारा एक पगारी माणूस आणि त्या रुग्णांना पुढची किमान दहा वर्षे दरवर्षी बोलावून तपासण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागेल. पहिली चार-पाच वर्षे यातून एकही गाजणारा निबंध येणार नाही, तेव्हा जे दोन-तीन तरुण संशोधक हे काम हाती घेतील त्यांची बढती त्या काळात अडू नये, हे विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने त्यांना आधीच लेखी द्यायला हवे.